आधी श्वास थांबतो की हृदय?
आपलं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, निजामाच्या राज्यात होतं तेव्हाची ही गोष्ट. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, हा वाद होता. १८८८-८९ मध्ये निजामाच्या पैशातून सर्जन एडवर्ड लॉरी यांनी हैदराबादेत दोन आयोग नेमवले. शेकडो प्राण्यांवर, मुख्यतः कुत्र्यांवर, प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला: फक्त श्वासावर लक्ष ठेवा.

१९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं, की भूल हलकी असताना ॲड्रिनलिनने हृदय अचानक बंद पडू शकतं. घाबरलेल्या प्राण्याच्या रक्तात हे ॲड्रिनलिन वाढलेलंच असतं. म्हणून आज जनावराला आधी शांत करतात, मग भूल देतात. जिभेला पल्स ऑक्सिमीटर लावतात, ईसीजीही बघतात.

तेव्हा जुना प्रयोग वाचताना तुम्ही आकड्यांआधी एक विचारा: प्राणी किती भुलीत होता, किती घाबरलेला होता?