ऐतिहासिक मार्ग, संघटित प्रवास आणि मुक्काम : वेळापूरचा पालखीमार्ग व अमेरिकेतील रूट ६६

प्रस्तावना

रस्त्यांचा इतिहास सामान्यतः ते बांधणाऱ्या सत्तेच्या अंगाने लिहिला जातो. सडक कोणी बांधली, पूल कधी झाला, सरकारने तिला कोणता क्रमांक दिला, या नोंदी दप्तरात सापडतात आणि त्यांवरून रस्त्याचे वय ठरविले जाते. परंतु काही मार्ग असे आहेत की, त्यांची ओळख बांधकामापेक्षा त्यांवरून पुनःपुन्हा होणाऱ्या प्रवासाने घडली आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव अशाच एका मार्गावर वसलेले आहे. आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या श्रीसंत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा येथे दरवर्षी मुक्काम असतो.

या मार्गाचे आकलन होण्यासाठी एका दूरच्या उदाहरणाशी त्याची तुलना उपयुक्त ठरते. अमेरिकेतील रूट ६६ हा महामार्ग सरकारी यादीतून १९८५ मध्ये काढून टाकण्यात आला. तरीही जगभरचे प्रवासी आज त्यावरून मोटारसायकलींच्या मार्गदर्शित सहली करतात. एक प्रवास पायी व भक्तीचा, तर दुसरा यंत्रावरचा व हौसेचा. दोहोंची जातकुळी भिन्न आहे. तथापि ऐतिहासिक मार्ग कशामुळे टिकतो, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच उपस्थित होतो. प्रस्तुत निबंधात त्या प्रश्नाचा वेळापूरच्या संदर्भात विचार केला आहे.

वेळापूर : मार्गावरील प्राचीन गाव

वेळापूरचे महत्त्व केवळ पालखीमुळे निर्माण झालेले नाही. येथील अर्धनारीनटेश्वराचे हेमाडपंती मंदिर प्रसिद्ध असून, सन १३०० च्या सुमाराचे, यादव राजा रामचंद्रदेव याच्या कारकिर्दीतील शिलालेख या गावी आहेत. देवगिरीच्या यादवांचे राज्य मावळण्यास फार अवधी उरला नव्हता, त्या काळात भीमेच्या खोऱ्यातील या गावी मंदिराची व्यवस्था होती आणि तिची नोंद दगडावर कोरण्याइतकी प्रतिष्ठाही होती, असे यावरून दिसते. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराशीही रामचंद्रदेव व त्याचा प्रधान हेमाद्री यांचा संबंध तेथील शिलालेखांतून स्पष्ट होतो. त्यामुळे पंढरीच्या वाटेवरील गाव म्हणून वेळापूरकडे पाहताना पालखी सोहळ्याच्या कितीतरी आधीचा काळ ध्यानी घ्यावा लागतो.

पालखी सोहळ्याची घडण

पंढरीची वारी ही ज्ञानेश्वरपूर्व परंपरा आहे, असे मानले जाते. परंतु संतांच्या पादुका पालखीत ठेवून दिंड्यांसह जाण्याची प्रथा त्यामानाने अलीकडची आहे. संत तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये देहूहून ही प्रथा सुरू केली. ते तुकोबांच्या पादुका घेऊन आळंदीस येत आणि तेथून ज्ञानेश्वरांच्या पादुकांसह पंढरपुरास जात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हैबतबाबा आरफळकर यांच्या प्रयत्नाने ज्ञानेश्वर महाराजांचा स्वतंत्र सोहळा उभा राहिला. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा हे शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्करी शिस्त परिचित असलेल्या या पुरुषाने वारीला जी व्यवस्था लावून दिली, तीच थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून सोहळ्यासाठी अश्व येतात. त्यांपैकी एकावर पताकाधारी स्वार असतो, तर दुसऱ्यावर कोणीही बसत नाही. तो माउलींचा अश्व होय.

सोहळ्याच्या या रचनेत मार्गदर्शनाचे तत्त्व मूलभूत आहे. प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला असतो. रथापुढे २७ दिंड्या आणि उरलेल्या रथामागे. दिंडीच्या अग्रभागी पताका, मध्ये टाळकरी व पखवाजी, त्यांच्यासमवेत विणेकरी आणि तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया अशी मांडणी असते. संध्याकाळी तळावर पोहोचल्यावर समाजआरती होते. चोपदाराने दंड उंचावताच हजारोंचा समुदाय शांत होतो. हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ थांबवीत नाही. तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते आणि मगच दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ पुकारली जाते. लेखी नियमावलीचे फारसे साहाय्य न घेता एवढा मोठा समुदाय सुमारे अडीचशे किलोमीटर नेणारी ही व्यवस्था प्रवाससंघटनेच्या इतिहासात लक्षणीय मानावी लागेल.

वेळापूरचा मुक्काम

आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीस निघालेली पालखी पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. नातेपुते व माळशिरस येथील मुक्कामांनंतर वेळापूर येते. त्यापुढे भंडीशेगाव, वाखरी आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरपूर. म्हणजेच वेळापूर हा वाटचालीच्या अखेरच्या टप्प्याचा आरंभ होय. माळशिरसहून येताना खुडूस येथे गोल रिंगण होते. वेळापूर जवळ आल्यावर एका उतारावर वारकरी धाव घेतात. तुकाराम महाराजांना या उंचवट्यावरून पंढरीचे कळस दिसले आणि ते भान विसरून धावत सुटले, अशी श्रद्धा त्यामागे आहे. या ठिकाणास ‘धावा’ हेच नाव पडले आहे. तेथे भारुडे होतात, थकलेला समुदाय हसतो आणि मग धावत गावाकडे निघतो. दुसऱ्या दिवशी ठाकूरबुवांच्या समाधीजवळ रिंगण आणि पुढे सोपानदेवांच्या पालखीशी बंधुभेट असा क्रम असतो.

या तपशिलांतून एक गोष्ट स्पष्ट होते. अभियंत्याच्या नकाशावर वेळापूरजवळचा उतार म्हणजे केवळ चढउताराची एक नोंद आहे. सोहळ्याच्या नकाशावर मात्र तेच स्थळ एक प्रसंग आहे. खुडूस, धावा, ठाकूरबुवांची समाधी, बंधुभेटीची जागा या साऱ्या स्थळांना अर्थ प्राप्त झाला आहे तो दरवर्षी त्या त्या जागी तीच कृती होते म्हणून. डी. बी. मोकाशी यांचे ‘पालखी’ हे पुस्तक आणि इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख या दोहोंचा विषय पंढरपूर हे गंतव्यस्थान नसून वाट हाच आहे, ही बाब या दृष्टीने सूचक आहे.

रूट ६६ : क्रमांक गेला, प्रवास उरला

आता तुलनेच्या दुसऱ्या बाजूकडे वळता येईल. अमेरिकेत १९२६ मध्ये राष्ट्रीय महामार्गांना क्रमांक देण्यात आले, तेव्हा शिकागोपासून कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिसपर्यंत जाणाऱ्या मार्गास ६६ हा क्रमांक मिळाला. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहराचे सायरस अ‍ॅव्हरी यांचा त्यात पुढाकार होता. आठ राज्यांतून जाणारा हा मार्ग सुमारे ३,९०० किलोमीटर लांबीचा होता. १९३८ पर्यंत तो संपूर्ण पक्का झाला. १९३० च्या दशकात दुष्काळ व धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेली शेतकरी कुटुंबे याच वाटेने पश्चिमेकडे गेली. जॉन स्टाइनबेक यांनी १९३९ च्या आपल्या कादंबरीत या रस्त्याला मातेची उपमा दिली. तेथे रस्ता माता ठरला. येथे रस्त्यावरून जाणारी पालखी माउली आहे.

१९५६ च्या कायद्याने अमेरिकेत प्रशस्त द्रुतगती महामार्गांचे जाळे विणण्यास प्रारंभ झाला. नवे मार्ग गावांना वळसा घालून गेले. अ‍ॅरिझोनातील सेलिग्मन या गावाजवळून नवा महामार्ग १९७८ मध्ये सुरू झाला आणि गावातून जाणारी वाहने जवळजवळ एका दिवसात थांबली. खाणावळी, पेट्रोल पंप, मुक्कामाची छोटी वसतिगृहे ओस पडली. काही वस्त्या तर पूर्णपणे निर्मनुष्य झाल्या. १९८५ मध्ये रूट ६६ हा क्रमांकच रद्द झाला. सरकारदप्तरी रस्ता संपला.

तो पुन्हा उभा राहिला तो गावकऱ्यांच्या प्रयत्नाने. सेलिग्मनचे केशकर्तनकार एंजेल डेल्गाडिलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये संघटना स्थापून अ‍ॅरिझोना राज्याकडून या मार्गास ऐतिहासिक दर्जा मिळविला. १९९९ मध्ये संघीय सरकारने जतनासाठी कायदा केला. पुढे या रस्त्यावर मोटारसायकलींच्या मार्गदर्शित सहली रूढ झाल्या. वाटेचा जाणकार पुढे असतो, पंधरावीस गाड्या त्याच्यामागून एका रांगेत जातात, सामान वाहणारी मोटार सोबत असते आणि रोजचा मुक्काम आधीच ठरलेला असतो. शिकागोपासून सागरकिनाऱ्यापर्यंत साधारण दोन आठवडे लागतात. द्रुतगती मार्गाने याहून कितीतरी कमी वेळात जाता येते; पण गावागावांतून थांबत जाणे हाच या सहलीचा हेतू असतो.

साम्य आणि भेद

पुढे जाणकार, मागे ठरलेला क्रम, सामानाचे वाहन, नेमलेले मुक्काम, हे दोन्ही प्रवासांतील बाह्य साम्य सहज लक्षात येते. दिंडीतही ठरावीक वर्गणी असते, तंबू व शिधा वाहणारा ट्रक पुढे जातो. परंतु भेद अधिक महत्त्वाचे आहेत. रूट ६६ वरील प्रवासी ग्राहक असतो. तो बहुधा एकदाच येतो आणि गतकाळाचे स्मरण विकत घेतो. वारकरी दरवर्षी येतो. त्याच्या दृष्टीने ही वाट गतकाळाची नाही. सेलिग्मनचे रहिवासी प्रवाशाला सेवा देऊन मोबदला घेतात, तर पालखीमार्गावरील गावकरी अन्नदान करून स्वतःलाच कृतार्थ मानतात. वारीतही व्यापार असतो, हे नाकारता येणार नाही. मात्र तो तिचा आधार नाही.

दुसरा भेद इतिहासक्रमाचा आहे. अमेरिकेत आधी क्रमांक आला, मग प्रवास. पुढे क्रमांक गेला आणि प्रवास उरला. येथे आधी प्रवास होता आणि क्रमांक फार नंतर आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून पंढरपुरास पोहोचली. यात्रेकरूंची मोठी सोय झाली, तरी पायी वारी थांबली नाही. पंढरीस पोहोचणे आणि पंढरीची वाट चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

याची अधिक कठोर प्रचिती २०२० मध्ये आली. करोनाच्या साथीमुळे पायी सोहळा रद्द झाला आणि ३० जून २०२० रोजी पादुका एस.टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. २०२१ मध्येही तसेच घडले. पादुका पोहोचल्या, परंपरा खंडित झाली नाही. परंतु जे अंतर कापण्यास पंधरवड्याहून अधिक काळ लागतो, ते काही तासांत संपले. त्या दोन वर्षी वेळापूरच्या तळावर समाजआरती झाली नाही. रस्ता जागच्या जागी होता, मुक्काम नव्हता.

नवा महामार्ग आणि जुनी वाट

८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. ज्ञानेश्वर महाराज पालखीमार्गास राष्ट्रीय महामार्ग ९६५ आणि तुकाराम महाराज पालखीमार्गास ९६५-जी हे क्रमांक आहेत. दिवेघाट ते मोहोळ हा सुमारे २२१ किलोमीटरचा पट्टा पहिल्या योजनेत येतो. पायी चालणाऱ्यांसाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र पदपथाची तरतूद योजनेत करण्यात आली. अरुंद रस्त्यावर वाहनांची वर्दळ आणि दिंड्या एकत्र आल्याने होणारा त्रास पाहता या सुधारणेची गरज नाकारता येत नाही.

तरीही रूट ६६ चा अनुभव येथे सावधगिरीची सूचना देतो. वर्षातील तीनशेहून अधिक दिवस हा रस्ता वेगवान वाहनांचा राहणार आहे. वेगाचे तर्कशास्त्र थांबण्याच्या विरुद्ध असते. ज्या वाहनास वेळापुरात थांबण्याचे कारण नाही, त्याच्या लेखी हे गाव एका फलकापुरते उरते. पालखीच्या दिवशी गाव पुन्हा जागे होईल. पण तळाची मोकळी जागा, रिंगणाची मैदाने, धाव्याचा उतार, वाटेवरील विहिरी व जुन्या झाडांची सावली यांची नोंद रस्त्याच्या नकाशात झाली नाही, तर रस्ता रुंद होऊनही वाट अरुंद होईल. सेलिग्मनला आपला इतिहास रस्ता गमावल्यावर शोधावा लागला. वेळापूरला तो रस्ता मिळत असतानाच जपण्याची संधी आहे.

निष्कर्ष

१. ऐतिहासिक मार्गाची ओळख केवळ बांधकामाने वा सरकारी क्रमांकाने सिद्ध होत नाही. ठरलेल्या क्रमाने पुनःपुन्हा होणारा संघटित प्रवास हाच तिचा मुख्य आधार होय.

२. अशा मार्गाचे घटक मैल वा किलोमीटर नसून मुक्काम व प्रसंगस्थळे असतात. २०२० व २०२१ या वर्षांनी हे व्यतिरेकाने दाखवून दिले.

३. म्हणून पालखीमार्गाच्या जतनाचा विचार करताना डांबरी पृष्ठभागाइतकेच पालखीतळ, रिंगणस्थळे व धाव्यासारख्या जागा यांना संरक्षित वारशाचे स्थान मिळणे आवश्यक आहे. वेळापूर व परिसरातील महाविद्यालयांनी या स्थळांचे नकाशे, छायाचित्रे आणि वृद्ध गावकऱ्यांच्या मौखिक आठवणी संकलित केल्यास स्थानिक इतिहासाचे मोठे साधन उपलब्ध होईल. हे काम नव्या रस्त्याची सवय होण्यापूर्वी व्हावयास हवे. कारण एकदा वाट बदलली की, ती पूर्वी कशी होती हे सांगणारी पिढी फार काळ सोबत राहत नाही.