न्हाणीघरांतील वीज

पुण्याच्या वाड्यांतील न्हाणीघराचा इतिहास कसबा पेठेंतील तांबट आळींत सुरू होतो. तेथें ठोकून घडविलेल्या तांब्याच्या बंबांत मधल्या नळींत निखारे व सभोंवार पाणी असे. त्याचा धूर नि चटका निदान कळत तरी असे! १९१५ सालीं टाटांचें खोपोलीचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें; पुढें वीज न्हाणीघरांतही शिरली, आणि भय अदृश्य झालें.

२००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारें ९ अँपिअर प्रवाह घेतो. त्यास दिव्याची बारीक तार पुरत नाहीं. ऊनपाण्याच्या टबाची गोष्ट याहून नाजूक, कारण माणूस पाण्यांतच बसलेला, आणि भिजलेल्या अंगाचा विद्युत्‌रोध घटलेला. फ्यूज वितळावयास कित्येक अँपिअर लागतात. हृदयाचा ताल बिघडविण्यास एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. जमिनींत पुरलेली अर्थिंगची तार गळती वाहून नेते. पण ही तिसरी तार केवळ शोभेची, असें मानणारे मिस्त्री मीं पाहिले आहेत.

यावर एक उपाय कॅलिफोर्नियांतील प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनीं १९६१ सालीं योजिला. त्यांचें साधन गेलेला व परतलेला प्रवाह ताडून पाहतें. फरक पडतांच निमिषांत वीज तोडतें. आपल्याकडे त्याच तत्त्वाचें ३० मिलिअँपिअरचें साधन घरच्या मुख्य फलकांत बसवितात. त्यावरील चाचणीचें बटण मात्र महिन्यांतून एकदां दाबून पाहावें लागतें.