ऊसतोड कामगार : साखरपट्ट्यातील हंगामी स्थलांतर

दसऱ्याला सोने लुटून घराघरांत सण साजरा होत असताना बालाघाटच्या डोंगररांगेतील गावांमध्ये निघण्याची तयारी सुरू झालेली असते. धान्याची पोती, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, शेळ्या-कोंबड्या आणि लेकरे असा सारा संसार ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भरला जातो. दिवाळीच्या सुमारास गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि काही शाळकरी मुले. महाराष्ट्रातील साखर उद्योगाचे गाळप या स्थलांतरावर उभे आहे. दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या संख्येचे अंदाज आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत आहेत.

कोठून कोठे?

या कामगारांचा सर्वांत मोठा पुरवठा बीड जिल्ह्यातून होतो. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, गेवराई, परळी हे तालुके त्यात प्रमुख. त्याखेरीज अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगाव, तसेच जालना, परभणी, नांदेड, लातूर, धाराशिव, नाशिक व जळगाव जिल्ह्यांच्या काही भागांतूनही टोळ्या निघतात. हा बहुतेक प्रदेश पर्जन्यछायेतील, हलक्या व उथळ जमिनीचा. खरिपाचे एक पीक हाती आले, तर आले. १९७२ च्या दुष्काळाने या भागाचे कंबरडे मोडले आणि स्थलांतराची वाट रुळत गेली.

दुसऱ्या टोकाला आहे पाटाच्या पाण्यावर पोसलेला सधन पट्टा. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने १९५० मध्ये गाळप सुरू केले. त्यानंतर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि नगर जिल्ह्यांत कारखानदारी फोफावली. मराठवाड्यातील टोळ्या आज या जिल्ह्यांबरोबरच कर्नाटकातील बेळगाव भागात आणि दक्षिण गुजरातेतही जातात. एकाच राज्यात पाणी असलेला आणि पाणी नसलेला असे दोन प्रदेश निर्माण झाले. ऊसतोडीचे स्थलांतर हा त्या दोहोंमधील दुवा होय.

कोयता, उचल आणि मुकादम

या व्यवसायाची परिभाषा स्वतंत्र आहे. पती-पत्नीच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात; एकटा माणूस हा 'अर्धा कोयता'. मजुरी व्यक्तीची नव्हे, तर जोडीची मोजली जाते. पायी फडात जाऊन ऊस तोडणाऱ्या व ट्रक-ट्रॅक्टर भरून देणाऱ्या टोळ्यांना 'डोकी सेंटर', तर स्वतःच्या बैलांनिशी टायरगाडीतून ऊस कारखान्यावर पोहोचविणाऱ्यांना 'गाडी सेंटर' म्हटले जाते.

पावसाळ्यातच मुकादम गावात येतो आणि जोडीला आगाऊ रक्कम देतो. ही 'उचल' होय. अलीकडच्या वर्षांत ती साधारणतः पन्नास हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत असते. लग्न, दवाखाना, बी-बियाणे, जुने कर्ज यांत ती हंगामापूर्वीच संपते. त्यानंतर हंगामभर केलेल्या कामातून तिची फेड होते. हंगामात किराण्यासाठी मिळणारी 'खर्ची'ही हिशेबात वळती होते.

हा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ व कामगार संघटना यांच्यात झालेल्या तडजोडीनुसार तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि २०२३-२४ पासूनच्या तीन हंगामांसाठी मूळ दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. एक जोडी दिवसाकाठी दीड ते दोन टन ऊस तोडते. दोन टन धरले, तरी जोडीची कमाई ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६ रुपये होते. एक लाखाची उचल फेडण्यास अन्नावर एक रुपयाही खर्च न करता सुमारे १३७ दिवस लागतात. २०२४-२५ च्या हंगामात तर अनेक कारखान्यांचे गाळप शंभर दिवसही चालले नाही. उचल फिटली नाही, की बाकी पुढील हंगामावर जाते आणि त्याच मुकादमाकडे पुन्हा जाणे भाग पडते. एखादा दिवस काम बुडाले, तर 'खाडा' म्हणून दंड कापला जातो.

मुकादमाचा धोकाही लक्षात घेण्यासारखा आहे. कारखाना वाहतूकदाराशी वा मुकादमाशी करार करतो आणि रक्कम त्यांच्या नावावर टाकतो. उचल घेऊन टोळी आलीच नाही, तर तो कर्जबाजारी होतो. अशा वादांतून मजुरांना डांबून ठेवण्याचे, मारहाणीचे आणि उलटपक्षी वाहतूकदारांच्या फसवणुकीचे गुन्हे नोंदले जातात. दुसरीकडे तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊस उत्पादकाला मिळणाऱ्या एफआरपीतून वजा होत असल्याने मजुरीवाढीचा भार शेतकऱ्यावर पडतो. अल्पभूधारक शेतकरी आणि भूमिहीन मजूर हे दोघेही अशा प्रकारे एकमेकांसमोर उभे केले जातात.

फडातील दिवस

काम पहाटे सुरू होते. ऊस बुडख्याशी तोडणे, पाचट काढणे, वाढे छाटणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढविणे, असा हा क्रम असतो. तोडलेल्या उसातील साखरेचा उतारा तासागणिक घटतो. म्हणून गाडी येईल तेव्हा, मग ती मध्यरात्र का असेना, भरावीच लागते. मुक्काम असतो पाचट, बांबू आणि ताडपत्रीच्या 'कोपी'त. बहुसंख्य तळांवर वीज, स्वच्छतागृह व शुद्ध पाण्याची सोय नसते. जनावरांसाठी विकले जाणारे वाढे हे रोख पैशाचे एकमेव साधन ठरते.

स्त्रियांवरील दुहेरी भार

फडातील कामाआधी व नंतर स्वयंपाक, पाणी, मुले ही सारी कामे स्त्रीकडेच असतात. मजुरीचा हिशेब मात्र पतीच्या नावे होतो. गरोदरपणात वा पाळीच्या दिवसांतही खाड्याच्या भीतीने विश्रांती मिळत नाही. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर चर्चेत आला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हे प्रमाण साधारणतः सहा जणींमागे एक असे पडते. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली.

कोयता जोडीचाच धरला जात असल्याने मुलींची लग्ने लवकर होतात. आईवडील सहा महिने गावाबाहेर असताना वयात आलेल्या मुलीला मागे ठेवण्याची भीती हेही त्याचे एक कारण आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे दिसून आले.

शाळा, शिधा, मतदान

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाव सोडणारे मूल मार्च-एप्रिलमध्ये परतते, तेव्हा शैक्षणिक वर्ष संपत आलेले असते. कारखान्यांच्या तळावरील साखरशाळा आणि गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे हे त्यावरील उपाय होत. दुसऱ्या उपायात मुलाची शाळा तुटत नाही; पण लहान भावंडांना सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीला सोबत नेले जातेच. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा वसतिगृह योजनेखाली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर केली.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत सव्वा लाखांहून अधिक कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले. एप्रिलच्या मध्यावर त्यांना परतण्याची मुभा मिळाली. २० नोव्हेंबर २०२४ रोजीची विधानसभा निवडणूक ऐन हंगामाच्या तोंडावर आल्याने या मतदारांच्या मतदानाचा प्रश्नही ऐरणीवर आला होता.

कायद्याच्या चौकटीबाहेर

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांपुरता होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या, तरी व्याख्येतील 'दुसरे राज्य' ही अट कायम राहिली. परिणामी बीडहून बेळगावला जाणारा मजूर स्थलांतरित ठरतो. त्याच गावातून कोल्हापूरला गेलेला त्याचा भाऊ ठरत नाही. नेमणूकपत्र नसल्याने कारखाना त्याला आपला कामगार मानत नाही आणि तळावरील सोयींची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये व शासनाकडून तेवढीच रक्कम घेण्याचे ठरले. नोंदणी, ओळखपत्र, विमा आणि आरोग्य तपासणी ही त्याची अपेक्षित कामे आहेत. ओळखपत्र हाती पडणे हा त्यातील पहिला टप्पा. कारण ज्याची नोंदच नाही, त्याचा अपघात, आजारपण वा थकलेली मजुरी यांचा दावा करावयाचा कोणाकडे, या प्रश्नापाशीच आजवरचे बहुतेक उपाय अडले आहेत.

दरम्यान, ऊसतोडणी यंत्रांची संख्या वाढत आहे. लहान व विखुरलेल्या शेतांमुळे कोयता लगेच हद्दपार होणार नाही. परंतु बालाघाटच्या गावांत पाणी आणि रोजगार पोहोचण्यापूर्वी तो हातातून गेला, तर हे काम सुटूनही या कुटुंबांची वणवण संपणार नाही.