मानमोडी, सुई आणि आपला वर्धा

पोस्ट थोडी लांबली आहे. पण घरात किमो चालू असलेला, किडनी बदललेला किंवा सिकलसेलचा पेशंट असेल तर वाचाच.

१९१८ साल. जहाजातून मुंबईत उतरलेला ताप रेल्वेने देशभर गेला, आणि आपलं वर्धा तर मुंबई-नागपूर लाइनवरचंच. त्यात त्या वर्षी पावसाने दगा दिलेला, धान्य महाग. पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. पावसाळ्यानंतरची दुसरी जीवघेणी. जुनी माणसं तिला 'मानमोडी' म्हणायची. मध्य प्रांत आणि वऱ्हाड देशात सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी होते. देशभरात कोटीच्या वर माणसं गेली, त्यातही वीस ते चाळीसमधली कर्ती माणसं जास्त. हा आजार विषाणूचा आहे हे सिद्ध व्हायला १९३३ उजाडलं. लस आली ती चाळीसच्या दशकात, तीही आधी अमेरिकन सैनिकांसाठी.

गंमत बघा, गांधीजींचा देवीच्या लशीला विरोध होता. त्यांच्याच सेवाग्रामात १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी मेडिकल कॉलेज उभं केलं. असो.

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला आणि मास्कसाठी झुंबड उडाली. पुढच्या वर्षी देशी लशी आल्या. झायडस कॅडिलाची सुई, मेलेल्या विषाणूची. पुण्याच्या सीरमची नाकात फवारायची, तिच्यात विषाणू जिवंत, पण दुबळा केलेला. सुईला भिणाऱ्यांना नाकातली बरी वाटणारच. पण ज्याची प्रतिकारशक्तीच ढासळली आहे, त्याला असा जिवंत विषाणू चालत नाही. त्याच्यासाठी सुईच. हा फरक किती जणांना माहीत आहे?

२०१५ च्या साथीत राज्य सरकारने गरोदर बाया आणि डायबिटीस, बीपीच्या पेशंटना मोफत लस द्यायचं ठरवलं. चांगलंच झालं. पण फ्लूची लस बाळांच्या नेहमीच्या सरकारी लसीकरणात नाही, खासगीत पैसे मोजावे लागतात, आणि विषाणू रूप बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. आपल्या विदर्भात सिकलसेल घरोघरी ऐकू येतो. या आजारात पाणथरी हळूहळू निकामी होते आणि साधा ताप न्यूमोनियावर जातो.

माझ्या आत्तेभावाची किडनी बदलली. गोळ्यांची यादी दोन पानी, पण फ्लूच्या सुईबद्दल दोन वर्षं कोणी बोललं नाही. शेवटी वहिनीनेच डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, घ्या, पावसाळ्याच्या आधी घ्या, फ्लू आपल्याकडे पावसातच वाढतो. आणि याच्या अंगात लस कमी लागू पडते, म्हणून घरातल्या सगळ्यांनी घ्या.

मे महिन्यात आम्ही पाच जण गेलो. भाऊ हसत म्हणाला, "अरे, पेशंट मी आहे, अन् रांग तुमची!"