स्वतःचं घर बांधताय? मोबाईल कुठे कामाचा आणि कुठे नाही

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात कंपनीत नोकरी करणारे अनेक जण फ्लॅटऐवजी प्लॉटवर घर बांधतात. शिफ्टमुळे रोज साईटवर जाणं जमत नाही. मग ठेकेदार व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो आणि आपण अंगठा दाखवून मोकळे होतो. पण नोंदणी झालेल्या गृहप्रकल्पातल्या बिल्डरवर जशी महारेराची नजर असते, तशी तुमच्या प्लॉटवरच्या कामावर नसते. इथे देखरेख तुमचीच. त्यात मोबाईल कुठे उपयोगी पडतो ते पाहूया.

१. आधी सातबारा

महाभूमी पोर्टलवर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. उताऱ्यावर भोगवटादाराचा वर्ग, 'इतर हक्क' आणि फेरफार या तीन नोंदी नक्की वाचा.

पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. "नोटरी करून देतो, काही होत नाही" असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा. व्यवहार अवैध ठरला तर जमीनही जाते आणि वरचं घरही.

२. हद्द मोबाईलवर मोजू नका

मोकळ्या आकाशाखालीसुद्धा मोबाईलचं जीपीएस साधारण ५ मीटर, म्हणजे १६ फूट चुकू शकतं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चौकोनी धरला तर ३३ बाय ३३ फूट. म्हणजे चूक जवळपास अर्ध्या प्लॉटएवढी! हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच करून घ्या. मोबाईलने फक्त रोवलेल्या खुणांचे फोटो काढा.

३. सळईचा हिशोब

सूत्र एकच: व्यास गुणिले व्यास, भागिले १६२. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, उत्तर येतं एका मीटरचं वजन, किलोमध्ये. १२ एमएमसाठी १४४ ÷ १६२ = ०.८८९. बारा मीटरची एक सळई साधारण १०.६७ किलो, शंभर सळया १,०६७ किलो. भारतीय मानकानुसार या जाडीत ५ टक्के कमीजास्त चालतं. पण काट्याच्या चिठ्ठीवर १,०६७ किलो आणि साईटवर पूर्ण लांबीच्या ८५ सळया असतील, तर हिशोब बसत नाही. माल वापरायच्या आधी विचारा.

४. स्लॅब पडण्याआधीचे फोटो

काँक्रीट पडलं की आतलं काहीच दिसत नाही. म्हणून हे फोटो सर्वांत महत्त्वाचे:

• कव्हर ब्लॉक: सळई आणि सेंट्रिंग यांत टेप लावून फोटो काढा. किनाऱ्याची खारी हवा सळईला गंज लावते. खाऱ्या हवेच्या थेट माऱ्यातल्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ मध्ये ४५ मिमी कव्हर आणि किमान एम३० ग्रेड सांगितली आहे. तुमच्या घराला कोणता निकष लागू होतो ते इंजिनिअरकडून लिहून घ्या.
• कॉलमच्या रिंग: रिंगचं टोक आतल्या बाजूला १३५ अंशांत वळलेलं हवं, ९० अंशांत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाने भूकंपाचे कितीतरी धक्के सोसले आहेत. धक्क्यात ९० अंशांची रिंग उघडते आणि उभ्या सळया मोकळ्या होतात.
• क्युरिंग: रोज एक फोटो. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला किमान १० दिवस पाणी मारायचं.

५. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो, आणि फोटो कधी, कुठे काढला ही फाईलमधली माहिती निघून जाते. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते. कॅमेऱ्याचं लोकेशन मात्र आधी चालू हवं. तारखेच्या नावाचे फोल्डर करून ड्राईव्हवर ठेवा. नकाशांचंही तसंच: जुना पुसू नका, नव्याला पुढचा क्रमांक द्या. साईटवर कोणता नकाशा चालू आहे हा वाद मग उरत नाही.

६. पैसे टप्प्याने

प्लिंथ, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर असे टप्पे करारात लिहा. टप्पा तपासला की मगच पैसे, तेही बँकेतून किंवा यूपीआयने. मी शीटमध्ये तारीख, रक्कम, टप्पा आणि फोटोची लिंक एवढेच चार कॉलम ठेवले, तेवढे पुरतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी ही 'सेवा' आहे. ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच, तर ही नोंद पुरावा म्हणून मांडता येते.

एक काम मात्र कोणतंही ॲप करत नाही. स्लॅबच्या आदल्या दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला साईटवर आणा आणि त्याने लेखी होकार दिल्याशिवाय मिक्सर सुरू होऊ देऊ नका. त्याची फी करारातच ठरवून टाका.