दुधाच्या फॅटची काचनळी

जुन्नर-आंबेगावकडे पहाट होते ती किटल्यांच्या आवाजाने. ओतूर घ्या, घोडेगाव घ्या, डेअरीपुढे रांग लागते, आणि दूध मापून झाले की पहिला प्रश्न एकच, "फॅट किती लागली?" घरात येणारा दुधाचा पगार या आकड्यावर ठरतो.

हा आकडा काढणे एके काळी रसायनशास्त्रज्ञाचेच काम होते. दूध आटवून सुकवायचे, ईथरने त्यातला स्निग्धांश वेगळा करायचा, मग नाजूक तराजूवर तोलायचा. यात तासन् तास जात. साहजिकच दूध नुसते मापावर किंवा वजनावर घेतले जाई. पाणी घालणाऱ्याला आणि न घालणाऱ्याला भाव एकच!

१८९० साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील स्टीफन बॅबकॉक यांनी यावर तोड काढली. दुधात गंधकाम्ल घालायचे, म्हणजे प्रथिने विरघळतात. मग बाटली यंत्रात गरगरा फिरवायची, की स्निग्धांश वर चिंचोळ्या मानेत येतो. खरी युक्ती त्या मानेवर आहे. तिच्यावर टक्क्यांच्याच रेघा आखलेल्या. तोलणे नको, गणित नको. या गृहस्थाने पेटंटसुद्धा घेतले नाही. लवकरच स्वित्झर्लंडच्या गर्बरने आपली नळी काढली. गंधकाम्ल १० मिलिलिटर, दूध १०.७५ आणि अमाइल अल्कोहोल १. आपल्याकडे रुळली ती हीच.

सोपी खरी, पण कुणाला? प्रयोगशाळेत पाण्याचा नळ शेजारी असतो, घाई नसते. खेड्यातल्या खोलीत परीक्षा घेणारा एकटा आणि पुढे रांग. आम्ल-दूध मिसळताच नळी चांगलीच तापते. रबरी बूच सुटले, की हात भाजलाच म्हणून समजा.

मग आले विजेवरचे यंत्र. दुधातून प्रकाश सोडायचा आणि स्निग्धांशाच्या कणांमुळे तो किती विखुरतो यावरून फॅट सांगायची. १९८१ साली जयपूरला स्थापन झालेल्या राजस्थान इलेक्ट्रॉनिक्स अँड इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने अशी यंत्रे आपल्या देशात बनवली. आम्लाची भीती गेली.

मात्र एक गोष्ट हातची निसटली, असे मला वाटते. नळीतला स्निग्धांशाचा पिवळसर थर म्हातारीलाही उजेडाला धरून बघता येई. यंत्र नुसता आकडा दाखवते, आणि त्याची जुळवणी बिघडली तर साऱ्या गावाचा आकडा बिघडतो. म्हणून यंत्र जुळवताना तेच दूध गर्बरच्या नळीत घालून पाहतात आणि दोन्ही आकडे ताडून घेतात.