दख्खनच्या राणीचे डबे

गिरगांवांतल्या किंवा दादरच्या घरांत मुलांच्या हातीं खेळण्याची आगगाडी आली, म्हणजे सर्वांचें लक्ष जातें तें इंजिनाकडे. डबे मागून जोडले जातात; ते कोणत्या काळांतले, याची चौकशी कोणी करीत नाहीं. परंतु खऱ्या गाडीची हुबेहूब लहान प्रतिकृति करणाऱ्या हौशी माणसाची परीक्षा होते ती डब्यांपाशीं. गाडीचें नांव तेंच राहतें. डब्यांचे रंग, वर्ग आणि लांबी मात्र बदलत जातात. तेव्हां एकाच नांवाच्या दोन प्रतिकृति एकमेकींपासून ओळखाव्या कशा, हा प्रश्न केवळ हौसेचा न राहतां इतिहासाचा होऊन बसतो. मुंबईकरांच्या नित्य परिचयाचें याचें उदाहरण म्हणजे दख्खनची राणी, अर्थात् डेक्कन क्वीन.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें ही गाडी १ जून १९३० रोजीं मुंबई व पुणें या शहरांच्या दरम्यान सुरू केली. पुण्यापर्यंतचा लोहमार्ग विजेवर चालूं लागला होता तो त्याच्या आदल्याच वर्षीं. राणीसाठीं प्रत्येकीं सात डब्यांच्या दोन गाड्या सिद्ध झाल्या. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडांत तयार झाले. वरची सर्व बांधणी झाली ती मातुंग्याच्या रेल्वे कारखान्यांत, म्हणजे परळ-दादरच्या अगदीं शेजारीं. एक गाडी रुपेरी असून तिच्यावर लालभडक पट्ट्या होत्या. दुसरी गडद निळी असून तिच्यावर सोनेरी रेघा होत्या. यावरून पहिली कसोटी हातीं लागते. मलईच्या व निळ्या रंगांचे बारा डबे मांडून त्यांखालीं कोणी १९३० हें साल लिहील, तर ती प्रतिकृति सुबक असेल, पण खरी असणार नाहीं.

तथापि रंगावर फार विसंबूं नये. जुना डबा नवा रंग घेतो, आणि प्रतिकृतीला तर कोणीहि कसाहि रंग देऊं शकतो. त्याहून बोलका पुरावा म्हणजे दारापाशीं लिहिलेला वर्गाचा आंकडा. पण हा आंकडाच जाणत्यालाहि चकवतो.

आरंभीं राणींत पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. १ जानेवारी १९४९ रोजीं तिच्यांतला पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्यालाच पहिला हें नांव मिळालें. जून १९५५ मध्यें या गाडीला तिसरा वर्ग प्रथमच जोडला गेला. पुढें एप्रिल १९७४ पासून त्या तिसऱ्या वर्गाला दुसरा म्हणूं लागले. या तारखा ध्यानांत ठेवल्या म्हणजे कोडें उलगडतें. १९४८ सालच्या डब्यावरील दोनाचा आंकडा आणि १९७५ सालच्या डब्यावरील दोनाचा आंकडा हे दिसावयास सारखे. परंतु पहिला खुर्द दुसऱ्या वर्गाचा, तर दुसरा पूर्वाश्रमीच्या तिसऱ्याचा. तसेंच १९५० सालच्या डब्यावर एकाचा आंकडा पाहून जुन्या काळच्या पहिल्या वर्गाचा थाट कल्पूं नये. तो कालपरवांपर्यंतचा दुसरा वर्गच होय.

येथें डबे ओळखण्याची कला निराळ्याच गोष्टीची साक्ष देऊं लागते. १९३० पासून १९५५ पर्यंत, पंचवीस वर्षें, तिसऱ्या वर्गाचें तिकीट घेणाऱ्यास या गाडींत जागाच नव्हती. लालबाग-परळच्या गिरणींतला कामगार असो किंवा ज्या मातुंग्यांत ते डबे बांधले तेथला सुतार असो, तिसऱ्या वर्गाच्या तिकिटावर त्याला राणीची पायरी चढतां आली नसती. १९४० सालची म्हणून मांडलेल्या प्रतिकृतींत तिसऱ्या वर्गाचा एक डबा जोडणें ही म्हणूनच लहानशी चूक नव्हे. जें दार बंद होतें, तें उघडें होतें असें ती चूक सांगते.

१९६६ सालीं मूळचे डबे काढून त्यांच्या जागीं मद्रासच्या पेरांबूर येथील कारखान्याचे पोलादी डबे आले. सांगाडा निराळा व वरची बांधणी निराळी, ही जुनी रीत त्यांत राहिली नाहीं. तळापासून छपरापर्यंत सर्व कवच एकजीव झालें. अपघातांत एक डबा दुसऱ्यांत घुसूं नये अशी त्याची रचना होती. डब्यांची संख्याहि सातांवरून बारांवर गेली. मलईचा व निळा रंग आणि खिडक्यांच्या वर लाल पट्टा, हें आजच्या पिढीला ठाऊक असलेलें रूप पुढच्या काळांतलें.

जून २०२२ मध्यें पुन्हां पालट झाला आणि जर्मन पद्धतीचे डबे आले. ते ओळखण्यास मोजपट्टी पुरे. पेरांबूरचा डबा सुमारें २१.३ मीटर लांब, तर हा सुमारें २३.५ मीटर. सत्त्याऐंशीस एक या प्रमाणाच्या प्रतिकृतींत पहिला साडेचोवीस सेंटिमीटर भरतो, दुसरा सत्तावीस. पेरांबूरच्या जुन्या धाटणीच्या डब्याच्या टोंकांस दोन्ही बाजूंना धक्के झेलणारे बफर दिसतात. नव्या डब्यांची जोडणी मधोमध असते. म्हणून जाणता मनुष्य आधीं लांबी पाहतो, मग जोडणी, मग वर्गाचा आंकडा, आणि रंग सर्वांत शेवटीं.

या मार्गावरचें विजेचें एक जुनें इंजिन जतन केलेलें आहे. त्याच्यावर सर रॉजर लुम्ली हें नांव आहे. लुम्ली हे मुंबईचे गव्हर्नर झाले १९३७ सालीं. अर्थात् ही पाटी १९३० सालच्या गाडीवर शोभणार नाहीं, हेंहि प्रतिकृति करणाऱ्यानें जाणावें. इंजिनाला गव्हर्नरांचें नांव लाभलें. डब्यांना नांवें नसतात. त्यांच्यावर असतो तो एक आंकडा. पण माणसें बसतात तीं डब्यांत, आणि कोण कोठें बसत होता व कोणाला बसतांच येत नव्हतें, याचा हिशेब त्या एका आंकड्यांत राहिलेला आहे. प्रतिकृति करणाऱ्यानें तो बारीक कुंचल्यानें लिहितांना साल एकदां ताडून पाहावें.